दक्षिण टोकाची धावती भेट

पुण्याचा माणूस देश बघायला जात नाही, पॉइंट बघायला जातो. ही खोड त्याला महाबळेश्वरला लागली आणि पासपोर्ट निघाला तरी सुटली नाही. श्रीलंका हा चारी बाजूंनी समुद्र असलेला, नारळाचा, चहाचा, हत्तींचा चांगला हसताखेळता देश. आमच्या मंडळींनी त्याचे पॉइंट पाडले. सकाळी नाश्त्याला एकमेकांना विचारायचे, "आज किती आहेत?" आणि संध्याकाळी बसमध्ये टेकताना म्हणायचे, "चला, आजचे उरकले." सिगिरिया उरकलं, कँडी उरकलं. परत आल्यावर जिन्यात भेटेल त्याला सांगायला मोकळे, "लंका झाली आमची." लंका झाली! रावणालासुद्धा असं म्हणायचा धीर झाला नसता.

मी असल्या सहलीला जाणारी बाई नव्हे. माझी नोकरी टेलिफोन खात्यात झाली, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकण्यात. निवृत्तीनंतर चाळीस अनोळखी माणसांच्या तक्रारी ऐकायला पैसे भरून परदेशी जायचं, हे वेडेपणाचं लक्षण. पण गेले, आणि गेले ते वन्संसाठी.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला आणि आमच्याच नारायण पेठेतल्या फ्लॅटमध्ये राहिल्या. यजमान गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. त्या माझ्याहून लहान. तरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बजावलं होतं, "नणंदेला अहो म्हणायचं." ते आजतागायत चाललंय. त्याही मला अहोजाहो करतात. एकमेकींना इतक्या आदरानं घालूनपाडून बोलणाऱ्या बायका दुसऱ्या कुठल्या शहरात असतील असं वाटत नाही. "वन्सं, आपण दूध उतू घालवलंत." "वहिनी, आपण माझा चष्मा पुन्हा हलवलात."

तर, चष्मा मी हलवलेला नव्हता. चष्मा त्यांच्या समोरच होता, टेबलावर. त्यांना तो दिसत नव्हता. मग लक्षात आलं की पेपर वाचताना त्या मान तिरकी करतात, आमटीत मीठ दोनदा पडतं, आणि जिन्यातल्या माणसाला "कोण?" असं विचारतात. डॉक्टरकडे गेलो. त्यानं थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आत बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की डोळ्याच्या मागचा पडदा खराब होत चाललाय, मधलं पुसट होत जाणार, चष्म्यानं काही होणार नाही. पुढे म्हणाला, "काही बघायचं राहिलं असेल, तर बघून घ्या." हॉटेल बंद व्हायच्या वेळी वेटर शेवटची ऑर्डर विचारतो ना, तसं. अरे, काही माणुसकी? पण वन्सं मात्र ताठ बसून होत्या. उठताना म्हणाल्या, "आहे एक राहिलेलं."

रिक्षात मी विचारलं, "काय राहिलंय?"

"दोंद्रा."

"कोण ही?" मला वाटलं, जुनी विद्यार्थिनी.

त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या जरा बाजूला, शिक्षिकेच्या नजरेनं पाहिलं. दोंद्रा म्हणजे श्रीलंकेचं दक्षिण टोक. तिथून सरळ दक्षिणेला निघालं तर थेट अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. वर्गातल्या भिंतीवरच्या भारताच्या नकाशात ते टोक अगदी तळाशी, खालच्या लाकडी दांडीला टेकलेलं. इतकी वर्षं वाकून वाकून तिथे छडी ठेवायची आणि म्हणायचं, "मुलींनो, यापुढे पाणी." एकदा एका आगाऊ मुलीनं विचारलं होतं, "बाई, तुम्ही पाहिलंय?" वर्ग हसला होता. वन्संनी तिला तासभर उभं केलं म्हणे. पण प्रश्न राहिला तो राहिलाच.

"मला तिथे उभं राहून क्षितिज बघायचंय," त्या म्हणाल्या. "बाकी काही नको. मंदिरं नकोत, हत्ती नकोत. ती एक रेघ स्वच्छ दिसली, की डोळे गेले तरी चालतील."

चालतील म्हणे! मी त्यांना म्हटलं, असलं अभद्र बोलू नये. पण मनात ठरवून टाकलं.

दोघी म्हाताऱ्या, एकीचे डोळे अधू, दुसरीचे गुडघे. दोघींनीच जाणं शक्यच नव्हतं. म्हणून सहलवाल्यांच्या ऑफिसात गेलो. तिथे एसीत गारठलेली एक पोरगी बसली होती. तिनं आमच्यापुढे गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक सरकवलं. त्यात प्रत्येक दिवसापुढे काय काय दाखवणार ते छापलेलं: अमुक 'पाहणे', तमुक 'बाहेरून पाहणे', अमक्याला 'भेट'. वन्संना बारीक अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचत होते. दक्षिण किनाऱ्याच्या दिवशी, रत्नांचं दुकान आणि कासवांचं केंद्र यांच्यानंतर, होतं: 'दोंद्रा दीपगृह, धावती भेट'.

"धावती का?" वन्सं म्हणाल्या.

"अहो, असू दे धावती. तुम्हाला काय तिथे मुक्काम करायचाय? दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ."

त्यांनी मान डोलावली. माझ्या तोंडून ऐकलेल्या त्या दोन शब्दांवर त्यांनी पासपोर्ट काढला, प्रवासासाठी लाडू केले, आणि वयाच्या त्या टप्प्याला पहिल्यांदा पायात पांढरे बूट घातले.

सहलीचं वर्णन काय करायचं! आमचा म्होरक्या विश्रांतवाडीचा एक तरुण मुलगा होता, सदा टवटवीत, डोक्यावर उलटी टोपी. "मॅम, चिल!" हे त्याचं सगळ्या रोगांवरचं औषध. "गाईज, फास्ट फास्ट, नेक्स्ट पॉइंटला सॉलिड व्ह्यू आहे!" गाईज म्हणजे आम्ही, सरासरी वय पासष्ट. बसमध्ये पहिल्याच दिवशी त्यानं सगळ्यांची ओळख करून घेतली, प्रत्येकानं उठून माइकवर नाव, गाव आणि छंद सांगायचा. कोथरूडच्या एका बाईंचा छंद 'माणसं जोडणे' हा होता. पुढे आठवडाभर त्या खिडकीच्या जागेवरून माणसं तोडत होत्या.

चहाच्या देशात आल्यावर पहिली तक्रार चहाची. नुवारा एलियाच्या डोंगरात, हिरव्यागार मळ्यांच्या मधोमध, कारखान्यात नेऊन त्या लोकांनी मोठ्या प्रेमानं कोरा सोनेरी चहा दिला. आमची मंडळी त्यात साखर शोधत होती, दूध शोधत होती, आणि एक गृहस्थ तर आलं कुठाय म्हणून विचारत होते. मग पिशवीतून चहा मसाला निघाला. त्या कारखान्यातल्या मुलीचा चेहरा मी विसरणार नाही. कपात मसाला पडताना ती अशी बघत होती, जसं कुणी तिच्या पोराच्या डोक्यात दगड घालतोय.

जेवणाची तीच तऱ्हा. बरोबर आपला आचारी होता. समोर नारळाचा तिखट सांबोळ, फणसाची भाजी, आप्पे. पण आमचे लोक वरणभाताला रांग लावून उभे. "बाहेरचं बाधतं हो." नुसता वरणभातच हवा होता, तर नारायण पेठेत काय कमी होता? सीतेच्या मंदिरापाशी हनुमानाच्या पावलांचे ठसे दाखवले, तर दोन गटांत वाद: उजवं पाऊल की डावं. शेवटी पाण्याची बाटली भरून घेतली आणि "हे तीर्थ म्हणायचं की नाही" यावर वाद पुढे चालू राहिला. सिगिरियाच्या भल्या मोठ्या खडकाखाली निम्मी मंडळी भाकरवडी खात बसली आणि वर चढून आलेल्यांना म्हणाली, "काय मिळालं चढून? आम्ही इथूनच बघितलं." शी! सगळ्यांनी इथूनच बघायचं होतं, तर लंकेनं तरी समुद्रात कशाला जावं? आमच्या मुठेच्या पात्रात मावली असती.

वन्सं यात कुठे होत्या? कुठेच नव्हत्या. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायच्या. कुणी समोरून हसलं तर त्यांना ते दिसायचं नाही. त्यामुळे बसमध्ये बातमी पसरली की या बाई शिष्ट आहेत. "पेठेतल्या ना!" असं मागून कुणीतरी म्हणालंसुद्धा. मी वळून सांगणार होते, तर वन्संनी माझा दंड धरला. "नको. डोळ्यांचं कुणाला सांगायचं नाही. मग सगळे हाताला धरून हिंडवतील आणि दोंद्रा बघू देणार नाहीत." मी गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं, हे आमच्या जिन्यातले लोक सांगतील.

फक्त एक जोडपं बरं होतं. शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावचे जमीनदार, शेतावर सोसायट्या उभ्या राहिलेल्या. गळ्यात जाड चेन. मी आधी त्यांनाही नाक मुरडलं होतं. पण त्यातल्या बाई रोज सकाळी वन्संना विचारायच्या, "मावशी, झोप लागली न्हवं?" आणि उत्तराची वाट बघायच्या. बाकीच्यांना प्रश्न विचारायची सवय होती, थांबायची नव्हती.

अखेर दक्षिण किनाऱ्याचा दिवस उजाडला. गॉलहून निघालो. वन्संनी इस्त्रीची साडी नेसली होती, पांढरे बूट पुसले होते. उजवीकडे सतत समुद्र, मधेमधे नारळाची झाडं. त्या मला मिनिटामिनिटाला विचारत होत्या, "मातारा आलं का? माताऱ्यानंतर लगेच." त्याआधी रत्नांच्या दुकानात आमची मंडळी अशी रमली की बाहेर येईनात. एका बाईंना नीलम आणि निळी काच यांतला फरक कळेपर्यंत सगळी बस उन्हात उभी. वन्सं पायरीवर बसून राहिल्या.

मातारा मागे पडलं. उलट्या टोपीनं माइक हातात घेतला. "गाईज, अटेन्शन! राइट साइडला बघा, ट्रीज के उपर... दोंद्रा लाइटहाऊस! श्रीलंकेचा लास्ट पॉइंट! क्लिक, क्लिक, क्लिक!"

आणि काय सांगू, सगळी बस उजवीकडे कलली. डावीकडचे उठून आमच्या अंगावर आले. काचेसमोर मोबाइल, मोबाइलमागे डोकी. वन्संसमोर कोथरूडकर बाईंची पाठ आली. मी वाकून पाहिलं तर नारळाच्या शेंड्यांवर एक पांढरं टोक दिसलं आणि गेलं. बस थांबली नाही. हळू झाली नाही. "झालं! नेक्स्ट, सफारी!" टोपी म्हणाली आणि टाळ्या पडल्या. टाळ्या! कशाबद्दल?

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "वळणार आहे ना बस?"

मी उठले. गुडघा कुरकुरला, पण उठले. "अहो, थांबवा बस. दोंद्राची भेट आहे आमची."

"मॅम, झाली ना. आत्ताच झाली."

"झाली म्हणजे? उतरलो कुठे?"

"मॅम, धावती भेट आहे. रनिंग व्हिजिट. बस रनिंगमधूनच दाखवायचं असतं." त्यानं माहितीपत्रक काढून त्या शब्दांवर बोट ठेवलं.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "अरे बाबा, मराठी येतं का तुला? धावती भेट म्हणजे घाईची भेट. माझा दीर धावती भेट द्यायला येतो तेव्हा निदान चपला काढतो, पाट मागतो, अर्धा कप का होईना चहा घेतो. रस्त्यावरून स्कूटर न थांबवता हात हलवून गेला, तर त्याला मी भेट म्हणत नाही, पळवाट म्हणते."

बसमध्ये हशा पिकला. आणि इथे घात झाला. कारण पुणेकराला शब्दाचा वास आला, की त्याला पुढचं काही दिसत नाही. चौथ्या रांगेतले एक सडपातळ गृहस्थ उठले. त्यांचं आयुष्य छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेलं. चष्मा पुसत म्हणाले, "क्षमा करा, पण यात संशयाला जागा आहे. 'धावती भेट' याचा विग्रह 'धावत्या वाहनातून घेतलेली भेट' असाही होऊ शकतो. मध्यमपदलोपी."

"मध्यमपदलोपी? समास कुठाय इथे? दोन शब्द सुटे छापलेत."

"छापताना तोडले असतील."

"मग तुमच्या जातभाईंची चूक. विशेषण भेटीचं आहे, वाहनाचा पत्ता नाही."

"तर मग 'धावत्या दौऱ्या'चं काय? मंत्र्यांचा धावता दौरा असतो. त्यात धावतं कोण?"

"मंत्री धावतो. पण उतरतो, हार घालून घेतो, आणि भाषण करतो!"

कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे मॅडमचं." कुणी म्हणालं, "पण कंपनीनं तळटीप द्यायला हवी होती." कोथरूडकर बाई म्हणाल्या की 'ओझरती' हा शब्द अधिक योग्य ठरला असता. एकानं लगेच सांगितलं की ओझरतं दर्शन असतं, ओझरती भेट नसते. उलटी टोपी गोंधळून इकडून तिकडे बघत होती. जमीनदार दोनदा म्हणाले, "आवो, त्ये ऱ्हाऊ द्या, बस वळवा की," पण त्यांचं ऐकतो कोण? आम्ही सगळे सुशिक्षित. मीही तावात आले होते. सगळी लंका मी गप्प राहून काढली होती, आता तोंड सुटलं ते सुटलं. एकेक दाखला काढत होते आणि समोरच्याला कोपऱ्यात ढकलत होते. शेवटी मुद्रितवाले गृहस्थ खाली बसले. मान हलवून म्हणाले, "मान्य. शब्द सुटे आहेत. आपला पक्ष बरोबर आहे." पुण्यात कुणी असं कबूल केलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी विजयानं खाली बसले, धापा टाकत.

वन्सं समोर बघत होत्या. "जिंकलात?"

"जिंकले म्हणजे काय, लेखी देईल तो!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "समुद्र कुठल्या बाजूला आहे आता?"

मी बाहेर पाहिलं. समुद्र नव्हता. भाताची खाचरं होती, म्हशी होत्या, रस्त्याकडेला मातीच्या मडक्यांतून दही विकणारी दुकानं होती. आम्ही तोंडं चालवत होतो आणि ड्रायव्हर बिचारा इमानेइतबारे बस. टोक केव्हाच, कितीतरी मागे पडलं होतं. व्याकरण बरोबर होतं. दोंद्रा गेलं होतं.

"मला इतकं दूर आणलंत ते वादविवाद स्पर्धेला?" त्या हळू बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "वहिनी, मला चालत्या बसमधून काहीच दिसत नाही. हात दिसतात, रंग दिसतात, सगळं पळतं. उभं राहिल्याशिवाय मला आता काही दिसत नाही हो."

मी पुन्हा उठायला लागले, टोपीला हात जोडायला. तर वन्संनी मला खाली दाबलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. खोटं बोलणाऱ्या मुलींना जन्मभर बाकावर उभं करणाऱ्या त्या बाईंनी पदर तोंडाला लावला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "बस थांबवा. मला मळमळतंय."

बस जागच्या जागी थांबली. दीपगृहासाठी थांबत नव्हती, व्याकरणासाठी थांबत नव्हती, सीट कव्हरसाठी थांबली. टोपीनं स्वतः दार उघडलं. वन्सं माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरल्या, चार पावलं चालल्या आणि पदर खाली करून म्हणाल्या, "रिक्षा बघा."

"मॅम! सफारी मिस होईल! बिबट्या दिसतो तिथे!"

"त्याला म्हणावं, धावती भेट झाली असं समज," मी म्हटलं. "आम्ही रात्री हॉटेलवर येतो. आमच्या बॅगा उतरवून ठेव."

तो काकुळतीला आला, नोकरीचं काही बोलू लागला. तेव्हा जमीनदार खाली उतरले. म्हणाले, "जाऊ दे रं. म्हाताऱ्या मानसांची हौस हाय. मी जबाबदार." त्यांच्या बाईंनी पाण्याची बाटली आणि आलेपाक माझ्या हातात कोंबला. खिडकीतून सगळी बस बघत होती. 'मळमळणे' या शब्दावर काही वाद निघाला की नाही, ते मला कळलं नाही.

तिथली रिक्षा अगदी आपल्यासारखीच, फक्त मीटरवरून भांडायला आपल्यापाशी भाषा नसते. मी नुसतं "दोंद्रा" म्हटलं आणि दीपगृहासारखा हात उंच केला. रिक्षावाल्यानं मान हलवली. वारा तोंडावर येत होता. पुन्हा समुद्र दिसू लागला. वाटेत मी मोजून एकच वाक्य बोलले, "वन्सं, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलं नाही, तीच तर पंचाईत आहे." आणि माझ्या हातातला आलेपाक काढून घेऊन खाल्ला.

दीपगृह जवळून भलतंच उंच, पांढरंशुभ्र. भोवती नारळ, हिरवळ आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे एकेका छत्रीआड एकेक जोडपं. छत्री खाली, पाय बाहेर. एरवी मी काहीतरी बोलले असते. वन्सं कुणाकडे न बघता, बुटांनी जमीन चाचपत पुढे निघाल्या. मी हाताला धरायला गेले तर झिडकारलं. जिथे गवत संपून काळे खडक सुरू होतात, तिथे थांबल्या.

"हेच?"

"हेच. पाटी आहे."

"पुढे काही नाही ना?"

"काही नाही हो. पाणी."

त्यांनी मान तिरकी केली. मग दुसरीकडे तिरकी केली. चष्मा काढला, पुसला, घातला. मी आपली हुश्श करून समुद्र बघत होते. खरं सांगते, असा समुद्र मी पाहिला नव्हता. उन्हात लखलख, आणि लांब, अगदी कडेवर, मोठाली जहाजं एकामागे एक सरकत होती. मला इतका आनंद झाला की मी ओरडले, "वन्सं, जहाजं बघा! केवढाली आहेत, रांगेनं चालली आहेत!"

"कुठे?"

"ती काय! क्षितिजावर!"

त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. लाटा खडकावर आपटत होत्या. मग म्हणाल्या, "निळं दिसतंय. वर निळं, खाली निळं. रेघ कुठाय, वहिनी?"

मला आधी राग आला. डॉक्टरचा, टोपीचा, त्या मुद्रितवाल्याचा, नीलम घेणाऱ्या बयेचा, सगळ्या जगाचा. आणि मग रडू फुटलं. चांगलं ढसाढसा, छत्रीतली पोरं वळून बघू लागली इतकं. उशीर आज झाला नव्हता. उशीर पुण्यातच झालेला होता, आणि ते मला दोंद्राला येऊन कळत होतं.

"रडताय काय?" वन्सं म्हणाल्या. "तुम्हाला दिसतेय ना? मग दाखवा."

मी डोळे पुसले. त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांचा उजवा हात धरला, बोट सरळ केलं, आणि माझ्या डोळ्यांपुढे धरून डावीकडून त्या रेघेवर ठेवलं. मग हळूहळू उजवीकडे नेऊ लागले. जहाज आलं की सांगत होते, "इथे एक. इथे दुसरं."

निम्म्यावर त्यांनी हात थांबवला.

"सरळ काय नेताय फळीसारखी? कडांना जरा उतरू द्या. पृथ्वी गोल आहे."

"मला तर सरळच दिसतेय हो."

"तुम्हाला दिसतेय ना, म्हणून," वन्सं म्हणाल्या. "पुन्हा काढा."

मी त्यांचा हात पुन्हा डावीकडे नेला.